वाचलं नव्हतं, पण सही माझीच आहे: जामीनदार सुटू शकतो का?

अमळनेर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मावसभावाने फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. मधल्या सुट्टीत मावसभाऊ एका माणसाला घेऊन शाळेत आला. हातात इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक, पानापानावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. "सर, आठे करा, आठे करा" (इथे करा) म्हणत त्याने पानं उलटली आणि घंटा व्हायच्या आत सगळ्या सह्या झाल्या. "फक्त साक्षीदार म्हणून लागतंय" एवढंच सांगितलं होतं. सोबत आधार, पॅन, फोटो, पगाराच्या स्लिपा आणि सही केलेले दोन कोरे चेक दिले. पुढे कपाशी हातची गेली, सहामाही हप्ते थकले, मावसभाऊ फोन उचलेना. आता सरांच्या नावाने नोटीस आली आहे: कर्जदार आणि जामीनदार यांनी थकबाकी भरावी, नाहीतर मुंबईतल्या लवादापुढे, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या पंचापुढे, हजर राहावं. सर विचारतात, "मी एक ओळही वाचली नव्हती. मग तो करार मला लागू कसा? आणि माझा पगार कापतील का?"

सर, आधी कडू सांगून टाकतो. "मी वाचलं नव्हतं" हा कोर्टात बचाव नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. करार वैध व्हायला काय काय लागतं ते त्याच्या कलम १० मध्ये दिलंय: सज्ञान माणसं, मोकळेपणाने दिलेली संमती, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश. कागद वाचलेला असावा अशी अट त्यात कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ग्रासिम इंडस्ट्रीज विरुद्ध अगरवाल स्टील या २००९ च्या निकालात म्हटलंय की माणसाने सही केली म्हणजे त्याने कागद नीट वाचला, समजून घेतला आणि मगच सही केली असं गृहीत धरायचं. जबरदस्ती किंवा फसवणूक झाल्याचा पुरावा असेल तरच वेगळं. म्हणजे तुम्ही वाचलं होतं हे कंपनीला सिद्ध करावं लागत नाही. उलट काय घडलं ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

हे अन्यायाचं वाटतं, पण जरा समोरच्या बाजूने बघा. तुमच्या सहीवर भरवसा ठेवून कुणीतरी पैसे दिले. उद्या "वाचलंच नव्हतं" म्हणून कागद रद्द होऊ लागले तर न वाचणाराच सगळ्यात सुरक्षित ठरेल, आणि बिनसातबाऱ्याच्या माणसाला कुणी छदाम देणार नाही.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न वाचलं की नाही हा नाहीच. तुम्हाला काय सांगून सही घेतली, ते कुणी सांगितलं, आणि हे आज कशावरून दाखवता येईल, हा आहे. या तीन गोष्टींवर तुमचं प्रकरण उभं राहील किंवा पडेल. माझ्याकडे अशी कामं येतात तेव्हा मी पक्षकाराला पहिला तासभर एवढंच विचारतो.

आधी काय सांगितलं ते घेऊ. कायदा इथे एक बारीक फरक करतो. कागद कोणत्या जातीचा आहे याबद्दलच फसवलं, म्हणजे बक्षीसपत्राला मुखत्यारपत्र म्हणून सांगितलं, तर तो कागद मुळातच शून्य. कागद कोणता ते माहीत होतं, पण आत काय लिहिलंय याबद्दल खोटं सांगितलं, तर कागद शून्य नाही, रद्द होण्याजोगा. म्हणजे तुम्ही मुदतीत पाऊल उचललं तरच रद्द होतो. निंगव्वा विरुद्ध बायराप्पा या १९६८ च्या निकालात, नवऱ्याने बायकोकडून करून घेतलेल्या बक्षीसपत्राच्या भांडणात, सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट मांडला आहे. तुमचं म्हणणं पहिल्या प्रकारात बसवता येईल: साक्षीदार सांगून जामीनदार केलं. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण लगेच हुरळून जाऊ नका.

इंग्लंडमधला १९७० चा एक निकाल इथल्या कोर्टांतही सांगितला जातो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा, चष्मा फुटलेला, भाच्याच्या मित्राने कागद पुढे केला आणि हे तुझ्या भाच्याला घर बक्षीस दिल्याचं आहे असं सांगितलं. प्रत्यक्षात तो मित्राच्याच नावाने विक्रीचा कागद होता. त्यावर मित्राने कर्ज उचललं. बाई हरल्या. घरावरचा आपला हक्क कुणाला तरी देतोय हे त्यांना माहीत होतं आणि चष्मा मिळेपर्यंत थांबता आलं असतं, असं कोर्टाचं म्हणणं. आता तुमच्याकडे बघा: शिक्षक, रोज लिहिण्यावाचण्यातला माणूस, चष्मा नाकावर. न्यायाधीश तुम्हाला त्या बाईंपेक्षा जास्त सवलत देतील असं मला वाटत नाही.

त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे तुम्ही दिलेले कागद. साक्षीदाराची फक्त सही लागते, फार तर आधारची झेरॉक्स. साक्षीदाराच्या पगाराच्या स्लिपा कोण मागतं? त्याचे कोरे चेक कशाला? उलटतपासणीत कंपनीचा वकील तुम्हाला आधी एवढंच विचारेल: "चेक तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना? कशासाठी दिले?" याचं पटेल असं उत्तर तयार नसेल तर 'साक्षीदार' ही गोष्ट तिथेच संपते. काही उत्तरं असू शकतात. चेक "मार्जिन मनीचे, भावाला उसने" म्हणून दिले होते का? तसा एखादा मेसेज मोबाइलमध्ये आहे का? स्लिपा नक्की कुणाला पाठवल्या, व्हॉट्सॲपवर पाठवताना खाली काय लिहिलं होतं? "भाऊ, फक्त साक्षीदार ना?" असा तुमचा मेसेज आणि त्यावर त्या माणसाचा "हो सर" एवढं सापडलं, तरी प्रकरणाचा रंग बदलतो. फोन बदलला असेल तर बॅकअप शोधा. स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट उडवू नका, फोन तसाच ठेवा.

आता दुसरी गोष्ट, कुणी सांगितलं. लोक याकडे दुर्लक्ष करतात, आणि हमीपत्राच्या कामात नेमकी हीच निर्णायक ठरते. करार कायद्याचं कलम १४२ हमीबद्दल स्वतंत्र बोलतं: धनकोने स्वतः, किंवा त्याला माहीत असताना आणि त्याच्या संमतीने, महत्त्वाच्या गोष्टीबद्दल खोटं सांगून मिळवलेली हमी निरर्थक. कलम १४३ म्हणतं की धनकोने महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवली तरी तेच. धनको म्हणजे इथे फायनान्स कंपनी. म्हणजे "साक्षीदार" हा शब्द मावसभावाने वापरला असेल आणि कंपनीला त्याचा पत्ता नसेल, तर तुमचं भांडण मावसभावाशी. कंपनीची हमी शाबूत राहते. तोच शब्द कंपनीच्या माणसाने वापरला असेल तर गोष्ट वेगळी. आणि बहुतेक वेळा शाळेत, शेतात, बांधावर येणारा माणूस कंपनीचा नोकर नसतोच. तो ट्रॅक्टरच्या शोरूमचा सेल्समन असतो किंवा कमिशनवर फाइली गोळा करणारा डीएसए. कंपनी हात वर करते: आमचा माणूस नव्हता. म्हणून त्याचं नाव, नंबर, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर कुणाचं नाव होतं, करारावर कंपनीतर्फे कुणी सही केली, जामीनदाराची पडताळणी केल्याचा शेरा फाइलीत कुणाच्या सहीने आहे, हे सगळं शोधावं लागतं. पडताळणीचा शेरा त्याच माणसाचा निघाला तर तो कंपनीसाठीच काम करत होता असं म्हणायला जागा मिळते.

तुम्ही म्हणाल, कागद इंग्रजीत होता त्याचं काय? थोडा फरक पडतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराशी सगळा पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत करायचा आणि कराराची प्रत द्यायची. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ मुदत कर्जांना तर मुख्य बाबींचं एक छोटं विवरणपत्र कर्जदाराच्या भाषेत देऊन ते समजावून सांगणंही सक्तीचं आहे. हे पाळलं नाही म्हणून कर्ज पुसलं जात नाही. पण फाइलीत ते पत्र नसेल तर "समजावून सांगितलं होतं" हा कंपनीचा दावा पातळ होतो. मात्र करारपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर एक मजकूर बहुतेक वेळा छापलेला असतो: "वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, समजला व मान्य आहे." त्याखाली तुमची सही असण्याची शक्यता फार मोठी. पेन्सिलीच्या फुल्या मारणारा माणूस ते पान सोडत नाही.

हेच एखाद्या अंगठेबहाद्दर म्हाताऱ्या आईच्या बाबतीत असतं तर मी वेगळं बोललो असतो. निरक्षर, वृद्ध किंवा पूर्णपणे दुसऱ्याच्या भरवशावर असलेल्या माणसाकडून कागद करून घेतला, तर तो समजावून सांगितला होता आणि त्यांनी राजीखुशीने केला हे सिद्ध करायचं ओझं कागद करून घेणाऱ्यावर टाकण्याची कोर्टांची जुनी रीत आहे. आपल्याकडे हे हक्कसोडीच्या कामात फार दिसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी येते, झोक्यावर बसायच्या आधी तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन कॅमेऱ्यापुढे बसवतात, आणि "तुझ्या नावाची विहीर-मोटरची सही आहे" म्हणून हक्कसोडपत्र होतं. ती निरक्षर असेल आणि भावावरच विसंबून असेल तर लढायला जागा आहे. ती ग्रामसेवक असेल तर मलाही न्यायाधीशांपुढे तोंड उघडताना विचार करावा लागतो. आणि नोंदणी झालेला कागद रद्द करून घ्यायची मुदत, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. "कळलं कधी" यावर मग अर्धं कोर्ट खर्ची पडतं.

सही खरी, वाचून केलेली, दोन ओळखदारांसमोर केलेली, तरीही कागद पडतो अशाही जागा आहेत. नंदुरबारकडच्या वाचकांसाठी सांगतो: आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला देता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. कितीही सह्या घ्या. तसंच व्याजाने पैसे देताना तारण म्हणून खरेदीखत लिहून घेणाऱ्या बेकायदा सावकाराचं. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो, आणि व्यवहार सावकारीतलाच होता असं चौकशीत निघालं तर जमीन परत मिळू शकते. पण सर, तुमचा ट्रॅक्टर यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तेव्हा तुमच्या प्रकरणाबद्दल माझं मत: मिळालेल्या माहितीवरून हमी बहुतेक टिकेल. संपूर्ण सुटकेची आशा बेताची. पण रक्कम कमी होणं, वेळ मिळणं, आणि जे भराल ते मावसभावाकडून वसूल करण्याचा मार्ग उघडा राहणं, या तिन्हींसाठी आत्ता बरंच करता येतं.

आधी एक गैरसमज. "आधी भावाचा ट्रॅक्टर विका, मग माझ्याकडे या" असं कंपनीला बजावता येत नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, आणि सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सांगितलंय की धनकोने आधी कर्जदाराच्या मागे लागायलाच हवं असं नाही. वसुलीवाले पगारदार जामीनदाराकडे आधी येतात ते म्हणूनच. पगाराची तारीख ठरलेली, माणूस सापडतो.

मात्र ट्रॅक्टर हे तारण तुमच्याही हिताचं आहे. कंपनीच्या हलगर्जीने तारण हातचं गेलं, तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होतो, कलम १४१. ट्रॅक्टर ओढून नेला का? कधी? किती तासांचं रीडिंग होतं? लिलाव कितीला झाला, बोली किती जणांनी लावली? चार लाखांचा ट्रॅक्टर यार्डात पावसाळा खाऊन दीड लाखाला गेला असेल तर त्याचा हिशेब मागा. रक्कम कमी करून घ्यायची सगळ्यात खरी जागा ही आहे, आणि तिथे तुम्ही वाचलं होतं की नाही हा प्रश्नच येत नाही. पण करारपुस्तकात जामीनदाराने असले हक्क आधीच सोडून दिल्याची कलमं पुष्कळदा असतात, म्हणून पुस्तक हातात आल्याशिवाय मी खात्री देणार नाही.

ते पुस्तक मिळवणं हे तुमचं या आठवड्याचं काम. कंपनीला साध्या मराठीत पत्र लिहा: मी जामीनदार असल्याचं तुमच्या नोटिशीवरून कळतं, कर्जकरार, हमीपत्र, मंजुरीपत्र, माझ्या सहीचे सगळे कागद, खात्याचा पूर्ण उतारा आणि तारण जप्त केलं असल्यास लिलावाची कागदपत्रं द्या. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. त्यातच दोन ओळींत लिहा की ही सही साक्षीदार म्हणून सांगून घेतली होती, सांगणाऱ्याचं नाव अमुक. हे आजच लिहिणं महत्त्वाचं. फसवणुकीची तक्रार पहिल्यांदा कधी केली, हे न्यायाधीश फार बारकाईने बघतात. नोटीस येऊन वर्ष गेल्यावर, जबाब देताना आठवलेली फसवणूक कुणालाच पटत नाही.

कोऱ्या चेकचं वेगळं. "रक्कम मी लिहिलीच नव्हती" हाही बचाव चालत नाही. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो, सर्वोच्च न्यायालयाचा बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, २०१९. जामीनदाराने दिलेल्या चेकलाही चेक न वटल्याबद्दलच्या कायद्याचं कलम १३८ लागतं. चेक न वटल्याची नोटीस आली तर रक्कम भरायला तिच्यापासून पंधरा दिवस असतात; ते अंगावर काढू नका, कारण तिथे मामला फौजदारी होतो. "स्टॉप पेमेंट" करून ठेवलं म्हणजे सुटलो, हीही शिक्षकांच्या खोलीतली आवडती समजूत आहे. तसं होत नाही.

लवादाची नोटीस आली की आपल्याकडची माणसं दोन गोष्टी करतात: "मुंबईचं काय आपल्याला" म्हणून कपाटात टाकतात, किंवा घाबरून एजंटने आणलेल्या आणखी एका कागदावर सही करतात. दोन्ही महागात पडतात. लवादाने एकतर्फी निवाडा दिला तरी त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते, आणि ती तुमच्या जिल्ह्यातल्या कोर्टातच होते. दुसरीकडे, लवाद कंपनीने एकटीनेच नेमला असेल तर त्याला हरकत घेण्याची जागा चांगली आहे; लवाद कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पर्किन्स ईस्टमन या २०१९ च्या निकालानंतर अशा एकतर्फी नेमणुका टिकणं अवघड झालंय. हरकत लेखी घ्या, आणि आपला जबाब देण्याच्या आधी घ्या. ही हरकत सोडून द्यायची असेल तर वाद सुरू झाल्यानंतरची लेखी संमती लागते. म्हणूनच आता एजंट "तडजोडीचा फॉर्म" घेऊन आला तर त्यात "लवादाच्या नेमणुकीस हरकत नाही" अशी ओळ आहे का ते बघा. हा कागद तरी वाचा, सर. घरी ठेवून घ्या, फोटो काढा, दोन दिवसांनी बोलवा. जो माणूस दोन दिवस थांबायला तयार नाही त्याला सही देऊ नका.

पगाराचं. नुसत्या नोटिशीवर कुणी पगार कापू शकत नाही. त्याला निवाडा किंवा हुकूमनामा आणि मग कोर्टाची जप्ती लागते. तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावण्यापलीकडचे. सूट असलेले भत्ते वगळून पगार एकसष्ट हजार धरला, तर महिन्याला वीस हजारांपर्यंत जप्ती येऊ शकते. एका हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण चोवीस महिन्यांच्या पगारापुरती. भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. तुमच्या सिबिलवर मात्र भावाची थकबाकी दिसणार, आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की ती आडवी येणार.

तुम्ही जे भराल ते मावसभावाकडून वसूल करण्याचा हक्क करार कायद्याची कलमं १४० आणि १४५ तुम्हाला देतात. म्हणून रोख भरू नका; चेकने किंवा ऑनलाइन, आणि पावतीवर "जामीनदार म्हणून" असं लिहून घ्या. करारात दुसरा जामीनदार असेल तर त्यालाही गाठा, साधारणपणे बोजा दोघांत सारखा वाटला जातो. मावसभावाशी बोलणं मावशीच्या मार्फत नको. तो शेत विकायच्या बेतात असेल तर आत्ताच कळू द्या, वर्षभराने सातबाऱ्यावर दुसरं नाव लागल्यावर उपयोग नाही.

नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही जपून ठेवा, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते. निवाडा झालाच तर त्याची सही-शिक्क्याची प्रत हातात पडल्यापासून आव्हान द्यायला तीन महिने मिळतात, वर सबळ कारण असेल तर तीस दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. लवादाची तारीख कोणती दिली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती पंधरा दिवसांच्या आत असेल तर कंपनीच्या कागदांची वाट बघत बसू नका, हरकतीचा अर्ज आधी पाठवा.